सरांनी न पाहिलेला सेंट्रिओल

सर झेरॉक्सच्या दुकानात शिरले की दुकानदार हातातलं काम टाकून उभा राहायचा. आदर वगैरे काही नाही, नुसती धास्ती. वजिराबादेतलं ते दुकान, पुढं पोरापोरींची ही झुंबड, आणि सर त्यातून वाट काढत कागद पुढं करायचे आणि म्हणायचे, "एक." एकदा त्या बिचाऱ्यानं सवयीनं दोन काढल्या.

"राहू द्या सर, जास्तीची कामाला येती. पैसे नका देऊ तिचे."

झालं! सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी किती सांगितल्या?"

"एक."

"मग दुसरी कशाला काढली?"

"अहो सर, चुकून निघाली की."

"तुझ्या अंगातल्या पेशी असं चुकून म्हणल्या असत्या ना, तर तू आज झेरॉक्स काढत बसला नसतास. तुझाच फोटो भिंतीवर लागला असता, हार घालून!"

मागची पोरं फिदीफिदी हसली. मीही हसले, कारण मी तेव्हा त्यांना ओळखत नव्हते. रेणापूरहून शिकायला नांदेडला मामाकडं आलेली, कॉलेजात नुकतंच नाव घातलेलं. मला वाटलं, कोण हा खुळा म्हातारा? दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला तोच खुळा म्हातारा हातात खडू घेऊन फळ्यासमोर उभा. म्हातारा तरी कसला, पन्नाशीचाही नसेल. पण आम्हाला त्या वयात तिशीच्या पुढचे सगळे म्हातारेच वाटायचे.

सर आमचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. मूळचे इस्लापूरकडचे, पण सगळा जन्म नांदेडात गेलेला. उंच, हाडकुळे, पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाऐवजी खडू. तो खडू खिशातच राहून जायचा आणि सरांच्या बायको, आमच्या काकू, धुणं भिजवताना रोज त्यांचा उद्धार करायच्या. काकू उदगीरच्या, बाप व्यापारी, जीभ धारदार. "ह्यांच्या शर्टाला मी किती नीळ घालू? धुतला की खडूचा चिखल होऊन राहिलाय!" सर शांतपणे ऐकून घ्यायचे आणि पोळपाटावरच्या पिठात बोटानं एक चक्र काढून ठेवायचे. नऊ आऱ्यांचं. काकू त्याच्यावरच भाकरी थापायच्या.

ते चक्र कुठं काढायचे नाहीत ते विचारा. बसच्या धुळीच्या काचेवर, लग्नाच्या पत्रिकेच्या मागं, दवाखान्यात सलाईन लागलं होतं तेव्हा चादरीवर नखानं. हाताला इतकी सवय की न बघता काढायचे आणि नऊच्या नऊ आरे सारख्या अंतरावर यायचे. कुणी विचारलं, काय हो हे, तर चेहरा उजळायचा. विचारणाऱ्याचा तासभर गेलाच म्हणून समजा.

आता तुम्ही जीवशास्त्रवाले नसाल तर सांगते, आणि घाबरू नका, मलाही तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. पेशीच्या आत, केंद्रकाच्या शेजारी, दोन बारीक नळकांडी असतात. नळकांड्याची भिंत म्हणजे नळ्यांच्या नऊ जुड्या, प्रत्येक जुडीत तीन नळ्या. ह्या नळकांड्याला म्हणायचं सेंट्रिओल. एका पेशीच्या दोन व्हायच्या असल्या की त्याआधी प्रत्येक सेंट्रिओलच्या अंगाला, काटकोनात, एक नवा उगवतो. दोनाचे चार होतात. मग दोन ह्या टोकाला, दोन त्या टोकाला, मधे दोऱ्या ताणल्या जातात आणि त्या दोऱ्यांनी गुणसूत्रांची वाटणी होते. जेवढी इकडं तेवढीच तिकडं. दोन्ही नव्या पेशींच्या वाट्याला परत दोन-दोनच सेंट्रिओल येतात. संपलं.

पुस्तकात ह्याला जेमतेम दीड ओळ होती. सरांनी त्या दीड ओळीत अख्खा पंधरवडा घालवला.

"पोरांनो, नवा एक होणं ह्यात नवल न्हाई," सर फळ्याला पाठ टेकून, आवाज खाली आणून सांगायचे. "दुसरा न होणं, ह्यात नवल हाय. जागा आहे, माल आहे, सगळ्या बाजू मोकळ्या आहेत. तरी एक उगवतो आणि थांबतो. कोण थांबवतं? आत कुणी मोजायला बसलंय का? न्हाई. पेशीला बोटं हायत का? न्हाई. तरी मोजणी चुकत न्हाई. एकही झाला न्हाई तर पुढच्या पेशीला कमी पडला. दोन-तीन झाले तर दोऱ्या भलत्याच दिशांना ओढायला लागतात, वाटणीचा पार खेळखंडोबा. कॅन्सरच्या गाठींत बघा, असले जास्तीचे सापडतात. एक म्हणजे एक!"

आणि मग थांबायचे. खिडकीतून बाहेर बघत राहायचे. वर्गात कुणी खोकत नसे. आम्ही खेड्यापाड्यातली पोरं, कुणी मुदखेडहून पॅसेंजरनं आलेली, कुणी मामाच्या घरी वरकाम करून शिकणारी. आम्हाला तोवर शास्त्र म्हणजे पाठ करायची गोष्ट एवढंच माहीत. मोठं माणूस एखाद्या गोष्टीपुढं असं गप्प होतं, हे आम्ही देवळाबाहेर पहिल्यांदाच बघत होतो.

मी आगाऊ होते, अजूनही आहे. तास संपल्यावर सरांपाशी गेले आणि विचारलं, "सर, तुम्ही बघितलाय का हो सेंट्रिओल?"

सर खडू झटकत होते, थबकले. "न्हाई."

"म्हणजे एकदाही न्हाई?"

"आपल्या कॉलेजच्या मायक्रोस्कोपातून कसा दिसणार पोरी? लई बारीक असतो तो. फोटो बघितलेत. फोटो म्हणजे मेलेल्या पेशीचे, कापून वाळवलेल्या. जिवंत पेशीत तो नवा उगवताना बघायचाय. एकदा." मग जरा ओशाळून हसले. "बघू. अजून डोळे हायत."

ते वाक्य त्या वेळी मी सोडून दिलं. पण सरांची ती इच्छा मात्र डोक्यात राहिली, आणि पुढं जे झालं ते सगळं तिच्यापायीच झालं.

शिकून मी त्याच विभागात तासिका तत्त्वावर लागले. पगार कधी येईल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसलेली नोकरी. पण सरांच्या शेजारची खुर्ची मिळाली. एक दिवस सर स्टाफरूममध्ये जिलबीचा पुडा घेऊन आले. सरांनी स्वतःहून गोड आणणं म्हणजे काहीतरी आक्रीतच. इतिहासाच्या बाईंनी विचारलं, "काय सर, नोकरी पर्मनंट झाली कुणाची? का कुणाचं लग्न ठरलं?"

"न्हाई हो. एकच का होतो, ते जरासं कळून राहिलंय लोकांना."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सेंट्रिओल." बाईंनी जिलबी उचलली आणि वर्तमानपत्र उघडलं.

पण मी ऐकलं. सर त्या दिवशी टेबलावर बोट नाचवत सांगत होते. एक प्रथिन असतं, तेच नव्याला सुरुवात करून देतं. आधी ते जुन्या सेंट्रिओलभोवती सगळीकडून कडं करून बसतं. म्हणजे नवा कुठूनही फुटला असता! मग हळूहळू ते कडं विरत जातं आणि एकाच जागी ठिपका उरतो. तिथंच नवा उगवतो. "आणि गंमत ऐक," सर माझ्याकडं झुकले, "ते प्रथिन वाढलं की स्वतःच स्वतःवर खूण करून घेतं, मला मोडा म्हणून. मग पेशी त्याला मोडते. आपल्याच हातानं आपला माज उतरवायचा! हे कुणाला जमतं, सांग. माणसाला जमतं का?" मग म्हणाले, दुसरंही एक कुलूप आहे. नवा जोवर जुन्याला चिकटून असतो तोवर जुन्याला दुसरं काही सुरू करता येत नाही. विभाजन पुरतं उरकलं, दोघांची मिठी सुटली, की मगच पुढच्या खेपेची परवानगी. "एकाला दोन कुलपं. आणि तरीबी सगळं उलगडलेलं न्हाई. ठिपका नेमका त्याच जागी का उरतो? न्हाई ठाऊक." हे 'न्हाई ठाऊक' म्हणताना सरांचा चेहरा असा काही फुलला होता की मला वाटलं, ह्यांना उत्तरापेक्षा न कळण्याचाच जास्त आनंद झालाय. जिलबी त्यांनी खाल्लीच नाही. तेव्हाच शुगर निघाली होती, आणि ते कुणाला सांगत नव्हते.

सरांच्या खुळेपणाचा कळस मात्र समितीच्या पाहणीच्या वेळी झाला. कॉलेजच्या पाहणीला बाहेरून मोठी माणसं येणार होती. विभागविभागांत रंगरंगोटी, कुंड्या, पडदे. सरांनी ठरवलं, आपण सेंट्रिओल ठेवायचा. कशाचा? तुराट्यांचा! तूर काढल्यावर ज्या वाळक्या काड्या उरतात ना, आमच्याकडं ज्यांचं कूड घालतात, त्याच. सरांनी इस्लापूरहून भारा मागवला. तीन-तीन तुराट्यांची जुडी, अशा नऊ जुड्या किंचित तिरप्या गोलात उभ्या बांधल्या. पुरुषभर उंचीचं नळकांडं. त्याच्या अंगाला काटकोनात दुसरं, छोटं, नुकतं उगवलेलं. सुतळीनं बांधून सरांची बोटं सोलली होती. सांगते तुम्हाला, दिवाणखान्यात ठेवावं असं देखणं झालं होतं ते.

आदल्या दिवशी संध्याकाळी प्राचार्य फेरी मारायला आले. भला माणूस, पाहुणचारात कसूर नको म्हणून रात्रंदिवस राबणारा. त्यांनी मॉडेल बघितलं, मान वाकडी केली. "एका बाजूनं बोडकं दिसून राहिलंय की. पाहुण्यांपुढं एकच? अहो, विडा देतानाही आपण पानांची जोडी देतो. ह्या बाजूलाही तसलंच एक लावा." सर घरी गेले होते. शिपाईमामांनी उरलेल्या तुराट्यांचं हुबेहूब दुसरं छोटं नळकांडं बांधलं आणि दुसऱ्या अंगाला बसवलं. वर झेंडूची माळ. शोभा आली की नाही? आली. मला सकाळी दिसलं तेव्हा मी ते सोडवायला धावले, पण तोवर पाहुण्यांच्या गाड्या फाटकात शिरल्या होत्या.

सर समितीबरोबरच आत आले. मॉडेलपाशी पोचले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पाहुण्यांतले एक गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "वा! सिमेट्री छान साधलीय."

"हा कॅन्सर आहे," सर म्हणाले.

"काय?"

"हा कॅन्सर आहे! हे कुणी लावलं?" आणि सरांनी सगळ्यांदेखत ते जास्तीचं नळकांडं दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. शिपाईमामांची गाठ पक्की. सर पाय रोवून ओढत होते, झेंडूची फुलं समितीच्या बुटांवर पडत होती, प्राचार्य 'सर, सर' करत होते. शेवटी ते कडाकड मोडून हातात आलं. सर धापा टाकत वळले आणि मग, त्याच धापेत, त्या पाहुण्यांना सांगायला लागले. एक का, दोन का नाही. कडं कसं विरतं, ठिपका कसा उरतो, मिठी कशी सुटते. हातात मोडक्या तुराट्या, शर्टाला झेंडूच्या पाकळ्या. पहिल्यांदा दोघं-तिघं चुळबुळले. मग ते सिमेट्रीवाले गृहस्थ हळूच एका बाकावर टेकले. मग सगळेच. चहा गार झाला. विभाग बघायला जेवढा वेळ ठेवला होता तो सगळा उलटून गेला. सर बोलायचे थांबले तेव्हा त्या गृहस्थांनी आपला हात उलटासुलटा करून बघितला, जणू आतलं काही दिसणारच होतं. म्हणाले, "हे आत्ता माझ्यात चालू आहे?"

"आत्ता," सर म्हणाले. "तुम्ही न सांगता."

प्राचार्यांनी नंतर सरांना केबिनमध्ये बोलावून काय सुनावलं ते सुनावलंच. सरांनी ऐकून घेतलं आणि शिपाईमामांना घेऊन चहा प्यायला गेले. तिथं काचेवर चक्र काढून मामांना सगळं पहिल्यापासून सांगितलं.

पुढं मला लातूरला कायमची नोकरी लागली. लातूर म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. गल्लोगल्ली क्लासेस, पाटी दिसेल तिथं डॉक्टर होणारी पोरं. मी सेंट्रिओल शिकवायला घेतला की पहिल्या बाकावरून हात वर येतो, "मॅडम, हे किती मार्काला?" माझं टाळकं सटकतं. पण दर वर्षी एखादं पोर असं निघतं की जे मार्क विचारत नाही, नुसतं बघत राहतं. उदगीरची एक मुलगी तशी होती. ती डॉक्टर झाली नाही, हैदराबादला संशोधनाला गेली आणि योगायोग म्हणा की काय, ह्याच विषयात पडली. मला फोनवर सांगायची, मॅडम, आम्ही जिवंत पेशीत सेंट्रिओल हिरवा चमकवतो, पडद्यावर दिसतो. मी म्हणायचे, माझ्या सरांना दाखवायला पाहिजे गं एकदा. म्हणायचे आणि कामाला लागायचे.

मग एक दिवस काकूंचा फोन आला. काकू कधी फोन करत नसत.

"ए पोरी, ह्यांच्या शुगरनं डोळे खाल्ले बघ. डावा तर गेला. उजव्याच्या मधोमध काळा डाग आलाय, कडेकडेनं दिसतं तेवढंच. डॉक्टर म्हणतो, कडा बी किती टिकतील सांगता येत न्हाई." मग जरा थांबल्या. "ते बोलत न्हाईत गं. पण मी वळखते ना. ते तुमचं नळकांडं बघायचं राहिलं म्हणून झुरून राहिलेत. जेवण तुटलंय. तू एवढी शिकली-सवरलेली, कर की काहीतरी."

मी लागलीच त्या मुलीला फोन लावला. तिनं तिच्या गाईडना विचारलं, त्यांनी हो म्हटलं. मी नांदेडला जाऊन दोघांना घेतलं आणि आम्ही हैदराबादची गाडी पकडली. सर नवा शर्ट घालून निघाले होते. मुलाखतीला निघाल्यासारखे अवघडून बसले होते. समोरचं नीट दिसत नव्हतं म्हणून मान तिरपी करून, कोंबडी बघते तसं, डोळ्याच्या कडेनं माझ्याकडं बघत म्हणाले, "दिसला न्हाई तर?"

"दिसणार सर. मोठा पडदा आहे."

"दिसला न्हाई तर तू खोटं बोलू नको. मी विचारीन, दिसला का, तर तू हो म्हणून माझं समाधान करू नको."

मी नुसती मान हलवली, आणि मग लक्षात आलं की मान हलवलेली ह्यांना दिसली नसेल. मोठ्यानं म्हटलं, "न्हाई बोलणार."

प्रयोगशाळेत ती मुलगी दारातच उभी होती. सरांच्या पाया पडली. काकूंनी तिला जवळ घेतलं आणि उदगीरची आहे कळल्याबरोबर तिकडच्या सीमेवरच्या कानडीत विचारलं, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. पोरगी परक्या गावात ते ऐकून हसली आणि रडलीही. मग तिनं आम्हाला पांढरे कोट चढवले. काकू पातळावर कोट घालून अशा काही डॉक्टरीण दिसायला लागल्या की तेवढ्यातही सर हसले.

अंधारी खोली. यंत्राच्या पोटात, ऊबदार डब्यात, जिवंत पेशी. मुलीनं दिवे घालवले, संगणकाचा पडदा चालू केला. काळ्यावर एक पेशी फिकट दिसत होती आणि तिच्यात दोन हिरवे ठिपके. मी आयुष्यभर हेच शिकवते, पण जिवंत मीही पहिल्यांदाच बघत होते. 

"कुठं?" सर म्हणाले.

"मधे सर, मधे."

"मधेच दिसत न्हाई ना मला." आवाज चिरका झाला. काकूंनी त्यांचा दंड धरला. मुलीनं घाईघाईनं काहीतरी फिरवलं, ठिपके झगमगीत झाले. सरांनी मान तिरपी केली, आणखी तिरपी केली, खुर्ची सरकवली, पडद्याच्या एका कोपऱ्याकडं बघायला लागले. मग एकदम निश्चल झाले.

"दोन," ते म्हणाले.

"हो सर! दोन!"

"जिवंत?"

"जिवंत सर," ती मुलगी म्हणाली. "नवे उगवायची वेळ आता येतेच आहे. बघत राहिलो तर उगवताना सापडतील."

सर श्वासही हळू घेत होते. मला वाटलं, झालं, माणसाच्या जन्माचं सार्थक झालं, आता फक्त बसून राहायचं. एवढ्यात सरांनी विचारलं, "हा उजेड कशाचा?"

मुलगी खरं बोलणारी. म्हणाली, "सर, ठिपके चमकावेत म्हणून पेशीवर प्रकाश टाकावा लागतो. एरवी आम्ही अगदी कमी टाकतो, तोही अधूनमधून. आत्ता जरा वाढवलाय."

"का वाढवला?"

तिनं माझ्याकडं बघितलं.

"माझ्या डोळ्यासाठी?"

"हो सर."

"त्यानं पेशीला काय होतं?"

"जास्त वेळ टाकला तर... काम अडतं तिचं. विभाजन थांबतं. कधी मरते. पण सर, अशा हजारो आहेत, तुम्ही बघा निवांत."

"बंद कर," सर म्हणाले.

मी चिडले. खरंच चिडले. "सर, अहो, ह्याचसाठी आलोय ना आपण? जन्मभर हेच बघायचं होतं ना तुम्हाला? परत हा डोळा राहील का?"

"पोरी, आजवर ते मी न बघताच होत आलंय." सरांचा आवाज शांत होता. "मी बघायला बसलो म्हणून तिचं अडावं, हे बरं न्हाई. सुरुवात बघितली. शेवट बघू. मधलं तिचं तिला करू दे. बंद कर बाळ."

मुलीनं प्रकाश बंद केला. पडदा काळा झाला. सर तिथंच बसून राहिले, त्या डब्याशेजारी, हात मांडीवर ठेवून. आम्ही बाहेर जाऊन चहा घेतला, काकूंनी डब्यातल्या दशम्या काढल्या, त्या मुलीला आग्रह करून खायला घातल्या. सरांना बोलावलं तर म्हणाले, तुम्ही खा. मी दारातून डोकावून बघितलं. अंधारात, काही दिसत नसताना, एवढं लक्ष देऊन बसलेला माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

बऱ्याच तासांनी ती म्हणाली, "सर, आता एकच फोटो घेते. अगदी कमी प्रकाशात. पुढं तो संगणकावर उजळून घेता येतो, पेशीला त्याचा त्रास नाही."

"एक? मग घे."

फोटो आला. तिनं तो उजळला, मोठा केला, आणखी मोठा केला. सर उठून पडद्याजवळ गेले, जवळजवळ गाल टेकवला आणि कडेच्या नजरेनं शोधत राहिले. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते. खोटं बोलणार नाही म्हटलं होतं, पण खरंही आधी सांगायचं नव्हतं. दोन्ही मोठ्या ठिपक्यांच्या शेजारी एकेक फिकट, इवला ठिपका. एकेकच.

"आलं," सर म्हणाले. "आलं गं."

आणि रडायला लागले. लपवलं नाही, डोळे पुसले नाहीत. काकूंना हाताला धरून पडद्यापाशी नेलं. "बघ. तू बघ. तुला नीट दिसतंय, तू बघ."

इतकी वर्षं त्या नळकांड्यावरून नवऱ्याची खिल्ली उडवणाऱ्या काकू पडद्याकडं बघत राहिल्या. "एवढूसं?" मग हळूच, "माझ्यात बी हाय हे?"

"तुझ्यात बी."

"अय्यो," काकू म्हणाल्या, आणि पुढं बोलल्या नाहीत. काकू बोलायच्या थांबलेल्या मी तेव्हाच काय त्या बघितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही परत निघालो. सर खिडकीशी बसले आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपले असतील, थकलेत. निजामाबाद आलं, गेलं. गोदावरीचा पूल आला, मी म्हटलं, "सर, गोदावरी." त्यांनी डोळे न उघडताच हात जोडले. चहावाला येऊन गेला, कप त्यांनी चाचपडत घेतला, डोळे मिटलेलेच.

शेवटी मला राहवेना. "सर, डोळे दुखताहेत का? डॉक्टरांना फोन लावू?"

"न्हाई, बरे हायत. उघडत न्हाई एवढंच. तो आहे ना अजून आत, दिसून राहिलाय. त्याच्यावर आत्ता दुसरं काही पडायला नको."

ज्याचे बघण्याचे दिवस मोजकेच उरलेत, तो माणूस अख्खा प्रवास डोळे मिटून चालला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला त्याचा हेवा वाटला.

समोर काकू बसल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं. थोडा वेळ बाहेर बघितलं, पिशवीचा बंद उगीच सोडला, परत बांधला. मग म्हणाल्या, "बरं हाय. नळकांडं शेवटचं बघून डोळे मिटून घेतले. मी कुठं बसले, कशी बसले, कुणाला काय त्याचं."

नेहमीच्याच ठसक्यात म्हणाल्या. पण वाक्य संपता संपता आवाज फुटला.

सरांनी डोळे उघडले. लगेच उघडले. मान तिरपी केली, जरा इकडं, जरा तिकडं, डोळ्याच्या कडेत काकूंचा चेहरा सापडेपर्यंत. सापडला तशी मान तिथंच धरून ठेवली. गाडी रूळ बदलत होती, डबा हलत होता, सर मान हलू देत नव्हते. खिडकीतलं काही नाही, माझ्याकडं नाही, त्यांनी दुसरं काहीही बघितलं नाही. मुदखेड आलं, माणसं चढली-उतरली, तरी सर बघतच होते.

काकूंनी पदर सारखा केला. "बास की आता," त्या म्हणाल्या. "लोकं बघून राहिलेत."